रात्र थोडी आणि गिधाडाचं सोंग

भाऊबीजेला माहेरी निघालो होतो, गाडी अजून नाशिकमध्येच, द्वारकाच्या सिग्नलला उभी होती आणि मागच्या सीटवरून लेक म्हणाली, आई, हॅलोविनला मी गिधाड होणार आहे. विचारत नव्हती, सांगत होती. आमच्या सोसायटीतली पोरं ३१ ऑक्टोबरला वेश करून घरोघरी खाऊ मागत फिरतात, मागच्या वर्षी त्या दिवशी नरक चतुर्दशी आली म्हणून ते राहिलंच, त्याच्या आदल्या वर्षी ती चेटकीण झाली होती, विकतची टोपी आणि माझा काळा कुर्ता, अर्ध्या तासात तयार. यंदा मात्र भाऊबीज २३ तारखेलाच संपत होती, मध्ये आठ दिवस मोकळे, शाळेला सुट्टी, आणि लेकीच्या डोक्यात जानेवारीपासून बसलेलं गिधाड.

जानेवारीत आम्ही त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर गेलो होतो. वर पठारावर एक वयस्कर काका दुर्बीण लावून बसले होते, त्यांनी स्वतःहून लेकीला बोलावलं आणि समोरच्या कड्यावरचे पांढरे ओघळ दाखवले, म्हणाले हे चुन्याचे नाहीत, गिधाडांच्या विष्ठेचे आहेत, त्याच्या वरच्या कपारीत बघ. तिने बघितलं, मग मी बघितलं. लांब चोचीचं गिधाड, कपारीत मान आत घेऊन बसलेलं, गळ्याभोवती पांढरी झालर. मग ते उठलं, पंख उघडले आणि एकदाही न फडफडवता दरीवर तरंगत गेलं. पंख पसरले की दोन मीटरच्या वर भरतात असं काकांनी सांगितलं, लेकीने लगेच विचारलं, म्हणजे बाबांपेक्षा मोठं? हो, बाबांपेक्षा मोठं. ते तिच्या मनात इतकं घट्ट बसलंय हे मला त्या दिवशी गाडीत कळलं.

आणि खरं सांगते, मला आतून खूप बरं वाटलं. कारण माझं माहेर निफाड तालुक्यातलं, मी पाच-सहा वर्षांची असताना गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे मेलेलं जनावर टाकायचे आणि तिथे गिधाडं उतरायची, वीस-पंचवीस तरी असायची, आम्ही पोरं बांधावर बसून लांबून बघायचो. मोठी माणसं हाकलायची पण आम्ही परत जायचो. नंतर शाळेत जायला लागले आणि कधीतरी ती दिसेनाशी झाली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे कळलं की जनावरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक औषध कारण होतं, ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. लांब चोचीची आणि पांढऱ्या पाठीची, दोन्ही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं अशी संपली. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद केलं. आमच्या गोठ्यातही कधीतरी हेच टोचलं गेलं असेल, तेव्हा कोणाला काय माहीत होतं. म्हणून मी ठरवलं, करायचं तर नीट करायचं, बघणाऱ्याला गिधाडच वाटलं पाहिजे, काळा कपडा आणि वाकडी चोच असलं काहीतरी चालणार नाही.

सामानाची सुरुवात माहेरीच झाली. दादाच्या शेडमध्ये मागच्या सीझनच्या द्राक्षाच्या पेट्यांचे कोरे पुठ्ठे पडलेले होते, न दुमडलेले, सपाट, ते पंधरा-वीस घेतले. मांडवाच्या कामातून उरलेल्या बारीक बांधणीच्या तारेचं एक भेंडोळं घेतलं. दादाचं लक्ष सगळं आभाळाकडे, कारण द्राक्षाची गोडी छाटणी झालेली आणि दिवाळी संपली तरी पाऊस जायला तयार नाही, कोवळ्या फुटीवर पाणी म्हणजे डाऊनी रोग आलाच, त्यामुळे मी काय उचलतेय इकडे त्याने बघितलं पण नाही, फक्त म्हणाला, पोरीला लागतंय ना, ने सगळं. भाच्याचा छोटा फुटबॉलही मागून आणला, तेव्हा तो तिला खेळायलाच आणला होता, पण पुढे त्यानेच सगळं तारून नेलं.

घरातलं सामान असं. यंदाच्या पावसात मोडलेल्या तीन छत्र्या, सगळ्या काळ्या. सासूबाईंचं एक मऊ पडलेलं पांढरं सुती लुगडं. नवऱ्याचा चॉकलेटी टीशर्ट. रद्दी. फाटलेला आकाशकंदील, म्हणजे त्याच्या कामट्या, त्या वाऱ्याने आधीच एका बाजूने निखळल्या होत्या. दोन डझन सेफ्टी पिना. मेन रोडवरून फक्त इलॅस्टिक, वेल्क्रो, काळा आणि पिवळा ॲक्रिलिक रंग आणि फेविकॉलचा डबा आणला, सगळे मिळून तीनशेच्या आत.

सासूबाईंना हॅलोविन म्हणजे काय ते लेकीने समजावून सांगितलं, की आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून हिवाळा लागायचा त्या रात्री गेलेली माणसं परत येतात असं जुने लोक मानायचे, तिकडे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे आणि तीच माणसं अमेरिकेत गेल्यावर तिथे भोपळा मोठा मिळाला म्हणून भोपळा आला. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे आपली सर्वपित्रीच की, फक्त आपल्याकडे कावळा येतो. आणि वेश करायचा म्हटल्यावर तर त्या खुर्चीत सरसावूनच बसल्या. त्यांचं माहेर पेठ तालुक्यातलं. त्यांच्या गावात बोहाडा व्हायचा, रात्रभर, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत यायचं, गणपती, रावण, नरसिंह, म्हैसासुर, आणि ते मुखवटे कागदाच्या लगद्याचे आणि लाकडाचे असायचे. त्यांच्या चुलत्यांकडे दरवर्षी एक ठराविक सोंग असायचं. मला लग्नाला चौदा वर्षं झाली, बोहाडा हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला होता पण मुखवटा कसा बनतो हे त्यांना माहितीये हे मला कधी कळलंच नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

तर डोकं. पहिलं शनिवारी केलं, फुग्यावर. वाटीभर मैदा गार पाण्यात गुठळी न राहता कालवला, चार वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात ओतला, ढवळत राहिले, पांढुरकेपणा जाऊन जरा चकाकी आली की गॅस बंद. पातळ कढीइतकी खळ पाहिजे, गार झाली की आपोआप दाट होते. चमचाभर मीठ घातलं बुरशी येऊ नये म्हणून. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे, ते विष आहे, पोराच्या डोक्यावर घालायच्या वस्तूत अजिबात घालायचं नाही. मी कात्रीने पट्ट्या कापायला बसले तर सासूबाईंनी कात्री काढून घेतली. कागद कापू नको, फाड. फाटलेली कड खाली बसते, कापलेली कड उभी राहते आणि मग रंग दिल्यावर रेघा दिसतात. करून बघितलं तर खरंच तसं, फाडलेल्या कडेला कागदाचे बारीक तंतू सुटतात आणि ते शेजारच्या पट्टीत विरून जातात, बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. वर्तमानपत्र उभं धरून वरून खाली फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की कशीही फाटते, हेही त्यांनीच दाखवलं.

चार थर एकदम दिले, ही माझी चूक. बाहेर पाऊस, हवेत ओल, घरात पंखा लावून ठेवला तरी रविवारी सकाळी हाताला गारच लागत होतं. रात्री गारव्याने फुगा आतून बारीक झाला आणि ओल्या कागदाला आधार राहिला नाही, एका बाजूने पूर्ण खोल खड्डा पडला. सोमवारी सकाळी वास यायला लागला, आंबट. टाकून द्यावं लागलं. लेक रडली नाही पण अंघोळीला जाताना तीनदा वळून बघितलं त्या डस्टबिनकडे. आठातले तीन दिवस गेले होते आणि सासूबाई म्हणाल्या, रात्र थोडी आणि सोंगं फार, आता उठ.

तेव्हा फुटबॉल आठवला. तीन नंबरचा फुटबॉल, घेर ५८-६० सेंटीमीटर असतो. लेकीचं डोकं मोजलं तर ५२. वर केस, क्लिपा, आत फोमची पट्टी, म्हणजे बरोब्बर. बॉलवर पिशवीचं पातळ प्लास्टिक ताणून बांधलं, बॉल कढईत बसवला म्हणजे गडगडणार नाही, आणि यावेळी सकाळी एक थर, संध्याकाळी एक थर, मध्ये टेबलफॅन समोर. पहिला आणि तिसरा खळीचा, दुसरा आणि चौथा फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून, कारण तो लवकर वाळतो आणि कडकही होतो. प्रत्येक थराची दिशा बदलायची, एक उभा एक आडवा, म्हणजे चटई विणल्यासारखी ताकद येते. बुधवारी सकाळी बॉलची हवा सोडली आणि तो आतून अलगद निघून आला, खण्ण वाजेल असं कवच हातात राहिलं. सासूबाईंनी त्यावर टिचकी मारून ऐकलं आणि मान हलवली, तेवढ्याने माझा थकवा गेला.

कवच पूर्ण तोंडावर घालायचं नाही हे आधीच ठरलेलं. आठ वर्षांच्या पोरीने जिने उतरायचे, दारोदार फिरायचं, तिला दिसलं पाहिजे आणि श्वास घेता आला पाहिजे. म्हणून समोरून कपाळापर्यंत कापलं, कानांवर थोडं खाली ठेवलं, म्हणजे टोपीसारखं बसतं आणि चोच कपाळावरून पुढे येते, खाली तिचा चेहरा मोकळा. चोचीसाठी द्राक्षाच्या पेटीचे दोन सारखे तुकडे कापले, बाजूने बघितलं तर गिधाडाची चोच सुरुवातीला बरीच सरळ लांब जाते आणि शेवटी एकदम खाली वळते, पोपटासारखी मुळापासून गोल नसते, इथे बरेच जण चुकतात. दोन तुकड्यांमध्ये कागदाचे बोळे कोंबून जाडी आणली, टोकाला तारेचा आकडा आत घातला म्हणजे वळण टिकतं, वरून पुन्हा पट्ट्या.

रंग काळा-करडा डोक्याला, चोच फिकट पिवळट. नुसता काळा दिला तर प्लास्टिकसारखं चमकतं, म्हणून त्यात रांगोळीची पांढरी पूड चिमूटभर मिसळली, एकदम कातडीसारखं खरखरीत मॅट आलं. मान उघडी का असते हे लेकीने रंगवताना विचारलं, तर मेलेल्या जनावराच्या पोटात मान घालायची म्हटल्यावर पिसं असती तर रक्ताने चिकटून गेली असती, उघडी मान उन्हात वाळून स्वच्छ होते, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात अंगातली उष्णता कमीजास्त करायलाही ती लागते. तिने ब्रश थांबवून ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे ते घाणेरडं नाहीये, ते हुशार आहे.

झालर पहिल्यांदा मी कापसाची केली. सासूबाईंचा वातींचा कापूस होता, अगदी हुबेहूब दिसत होतं, मऊ, फुललेलं, आणि त्यांनीच ते काढायला लावलं. पणत्या अजून दारोदार लावतात लोक, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालूच असतं, पोरं उरलेल्या फुलबाज्या घेऊन खाली येतात, आणि पोरीच्या गळ्याभोवती कापूस. नुसत्या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. पॉलिस्टर घ्यावं तर ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. शेवटी नवऱ्याचा जुना मोतिया रंगाचा लोकरी स्वेटर निघाला, खरी लोकर, मशिनच्या धुण्यात आटलेला. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, पेटली तरी ज्योत काढली की विझते, मी एक धागा मोरीत नेऊन काडी लावून बघितलंच, केस जळल्यासारखा वास आला, काळी गोळी झाली आणि विझली. मग तो स्वेटर उसवला, चार बोटांवर गुंडाळून गोंडे केले, मध्ये बांधून कडा कापल्या, असे सव्वीस गोंडे एका पट्टीवर शिवले, मागे वेल्क्रो, म्हणजे कुठे अडकलं तर झटक्यात सुटेल. गळ्यात गाठ मारायची कुठलीच वस्तू पोरांना द्यायची नाही, हे मी सगळ्यांना सांगेन.

आता पंख, ज्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजा आली.

मला आधी वाटलं छत्री अर्धी कापली की झाले पंख, तयार काड्या, तयार कापड. हातावर लावून लेकीला उभं केलं तर ती आरशात बघून म्हणाली, हे वटवाघूळ झालं. बरोबर होतं तिचं. छत्रीची कड दोन काड्यांच्या मध्ये आत ओढलेली असते, गिधाडाच्या पंखाची बाहेरची पिसं उलट बोटांसारखी फाकलेली असतात, लांबून आभाळात ओळखायची खूण तीच. म्हणून छत्र्या उसवून नुसतं कापड काढलं. ते कापड या कामाला फार चांगलं, हलकं, पाण्याने भिजत नाही, आणि कडेवरून पेटलेली उदबत्ती हळूच फिरवली की धागे निघत नाहीत. हे काम मी एकटीने गॅलरीत केलं, लेकीला लांब ठेवून.

वरची लहान पिसं फिकट बदामी असतात, त्यासाठी लुगडं. पाच दिवसांचा चहाचा चोथा साठवला होता, तो मोठ्या पातेल्यात उकळला, गाळला, मूठभर मीठ टाकून त्यात लुगड्याचे तुकडे अर्धा तास उकळले. गंमत अशी की सगळे तुकडे एकसारखे रंगले नाहीत, घडीत दबलेले फिकट राहिले, आणि तेच पिसांना शोभलं, एकाच रंगाचं गिधाड कुठे असतं. पिसाचा आकार पुठ्ठ्यावर काढून घेतला, वीतभर लांब, टोकाला जरा गोल, आणि मग मी, सासूबाई आणि लेक तिघी बसून कापत गेलो, टीव्ही चालू, बाहेर पाऊस, दीडशेच्या आसपास पिसं झाली. लेकीने कापलेली जरा वाकडी होती, ती मी खांद्याजवळ लावली, दिसायला ती जास्त खरी दिसतात.

शिवताना कौलं घालतात तसं खालून वर जायचं. सगळ्यात खालची ओळ काळी लांब, तिच्यावर अर्धी झाकेल अशी दुसरी, मग बदामी, वर वर लहान होत जाणारी. वरून सुरू केलं तर प्रत्येक ओळीची शिलाई उघडी पडते. टीशर्टच्या बाहीपासून कमरेपर्यंत तिरका कपडा जोडून त्यावर हे सगळं सासूबाईंच्या पायमशीनवर घेतलं. मशीन त्यांची चाळीस वर्षांची, पण त्या दिवशी सहा थर जाड कापडावरून न अडता गेली.

आणि टोकाची बोटं. लेकीची उंची १२७ सेंटीमीटर, दोन्ही हात पसरले की साधारण तेवढाच पल्ला. दोन मीटर गाठायचे तर प्रत्येक बाजूला ३५-४० सेंटीमीटर वाढवायला पाहिजे. आकाशकंदिलाच्या कामट्या इथे लागल्या, प्रत्येक बाजूला पाच, पुठ्ठ्याच्या पिसात मध्ये घालून वर छत्रीचं कापड चिकटवलेलं. पण घट्ट बसवली तर ती दारातून जाणार कशी, फ्लॅटचं दार तीन फुटी. एक रात्र यावर गेली. शेवटी नवऱ्याने टूलबॉक्समधून एक नट-बोल्ट काढला, पाचही पिसांच्या मुळाशी भोक पाडून एकत्र ओवली, हातपंख्यासारखी. पिसापिसात दोन-दोन इंचाची इलॅस्टिकची पट्टी टाकली म्हणजे ठराविक फाकतात, जास्त नाही. हाताच्या पंजात धरायला एक लूप. मनगट बाहेर वळवलं की फटकन उघडतात, आत घेतलं की मिटून हाताला लागून बसतात. पहिल्यांदा उघडली तेव्हा घरात एक क्षण कोणी काहीच बोललं नाही. मी टेप लावून मोजलं, १९८ सेंटीमीटर. लेकीचा चेहरा एवढासा झाला, दोन कमी. मग नवऱ्याने दोन्हीकडच्या मधल्या पिसांना पुठ्ठ्याची टोकं जोडून दिली आणि ते २०३ झालं.

पायांना नखं पण केली होती, पुठ्ठ्याची, बुटांवर. जिन्यात एक चक्कर मारायला लावली, तिसऱ्या पायरीवर नख अडकलं, लगेच काढून टाकली. करडे मोजे बुटावरून चढवले, तेवढं पुरे. एका ओळखीच्यांनी डक्टमध्ये कबुतराची पिसं ढिगाने पडलीयेत ती लावा म्हणून सुचवलं, त्यांचा हेतू चांगला होता पण कबुतराच्या पिसांच्या धुळीने फुप्फुसाचे आजार होतात, त्याला हात लावायचा नाही.

गुरुवारी संध्याकाळी गॅलरीत डोकं वाळत होतं ते बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, काय करताय. सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. घरातल्या मुलीला असलं अशुभ काही करू नये गं, परी कर, राणी कर, गिधाड घरावर बसलं तर लोक शांती करतात. त्या मायेनेच बोलत होत्या, लेकीला त्यांनी कडेवर खेळवलंय. मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, काकू, जटायू गिधाडच होता, आणि तो सीतेला वाचवायला एकटा गेला होता. काकू पंचवटीत वाढलेल्या, दरवर्षी सर्वतीर्थ टाकेदला जातात, जिथे जटायू पडला आणि रामाने त्याला पाणी पाजलं असं मानतात. त्या जरा वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, हो गं बाई, गृध्रराज म्हणतात त्याला. आणि आत जाऊन चकल्या घेऊन आल्या. मला वाटतं आपण जटायूला नमस्कार करतो आणि गिधाडाला हाकलतो यात कुठेतरी मोठी गफलत झालीये, आणि ती पोरांच्या लगेच लक्षात येते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातच हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी खाण्याची जागा केलीये, मेलेली जनावरं तिथे आणून ठेवतात म्हणजे त्यांना सुरक्षित खाणं मिळतं. इतक्या जवळ आहे आणि मला हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं.

शुक्रवारी ३१ तारखेला दिवसभर ढगाळ, सहाच्या सुमाराला पाऊस थांबला. पाच वाजल्यापासून लेक तयार होऊन बसलेली, पंख मिटून सोफ्याच्या कडेवर. खाली पार्किंगमध्ये सतरा-अठरा पोरं, सांगाडे, भुतं, चेटकिणी, एकजण भोपळा. भोपळ्यात सेलवरचा दिवा ठेवायचा हे यावेळी सगळ्या आयांनी मिळून ठरवलं होतं, मेणबत्ती कुठेच नाही. लेक लिफ्टमधून बाहेर आली आणि पंख मिटूनच उभी राहिली, पोरांना कळेना हे काय आहे, कोणी घुबड म्हणालं, कोणी गरुड. तेवढ्यात आमचे रात्रीचे वॉचमनकाका खुर्चीतून उठले. ते सुरगाण्याकडचे. म्हणाले, अरे हे तर गिधाड. आमच्या डोंगरात असायची. मान बघा, मान. आणि तिने मनगटं वळवली. पार्किंगच्या दोन खांबांच्या मधली जागा तिने एकटीने भरून टाकली. एक छोटा घाबरून आईला चिकटला, ती लगेच खाली बसली, टोपी काढून त्याच्या हातात दिली, बघ कागद आहे म्हणाली.

घराघरातून फिरताना प्रत्येक दारात तिने एकच वाक्य म्हटलं, मी अंजनेरीचं गिधाड आहे, मला औषध नसलेला खाऊ द्या. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. बऱ्याच जणांनी विचारलं औषध म्हणजे काय, आणि तिने दारात उभं राहून सांगितलं, पूर्ण, डायक्लोफिनॅक हे नाव न अडखळता. तिसऱ्या मजल्यावरचे एकजण पशुवैद्यक आहेत, त्यांनी तिला आत बोलावलं आणि पाणी दिलं, आता आम्ही मेलॉक्सिकॅम वापरतो बाळा, त्याने त्यांना काही होत नाही असं सांगितलं. ती खुश होऊन पळत आली मला सांगायला.

चोचीचं टोक लिफ्टच्या दारात सापडून दुमडलं, ते शेवटच्या मजल्यावर. तारेमुळे तुटलं नाही, बोटांनी सरळ केलं.

घरी आल्यावर निफाडला व्हिडिओ कॉल लावला. माझ्या आईने चष्मा पुसून परत लावला. दादाही मागून डोकावला, दिवसभर बागेत फवारण्या करून आलेला. आई कितीतरी वेळ नुसती बघत होती, मग म्हणाली, उतरल्यावर कसं चालायचं ते नाही दाखवलंस तिला? मी म्हटलं कसं गं? आणि आईने तिकडे ओसरीवर उठून दाखवलं, सत्तरीची बाई, पदर खोचून, दोन्ही हात अर्धे उघडे, मान पुढे, आणि तिरक्या बाजूने दोन उड्या, थांबायचं, इकडे तिकडे बघायचं, परत दोन उड्या. मला एकदम तो नाल्याचा बांध दिसला. लेकीने मोबाइल सोफ्याला टेकवून ठेवला, पंख अर्धे उघडले आणि हॉलभर तशाच उड्या मारायला लागली, आई तिकडून ओरडतेय, तिरकी गं, तिरकी, सरळ नाही, आणि सासूबाई इकडून टीपॉय बाजूला सरकवतायत.